दहावा ठोकळा

मी पेटीतले ठोकळे टेबलावर ओतले आणि तोंड उघडणार, तेवढ्यात समोरच्या पोरीने पूल बांधून टाकला.

खाली दोन ठोकळे, मध्ये बोटभर फट, वर एक. अगदी मला हवा होता तसा. "आता आपण पूल करू या" हे मी अजून म्हणालेच नव्हते. त्या क्षणी मी थांबायला हवं होतं. मी काय केलं? "शाब्बास!" म्हणाले. नोकरीत हजारो मुलांना शाब्बास म्हटलं असेल, पण इतकं महागात पडलेलं दुसरं नाही.

मुलीचं नाव सुजाता. वय आठ, इयत्ता तिसरी. शाळा नागपुरातली, मुलींची. शाळेचं नाव सांगत नाही, सांगून आता कुणाचं भलं व्हायचं नाही. काळ सत्तरच्या दशकातला.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. हे नाव तेव्हा दवाखान्यातल्या लोकांनाही धड म्हणता येत नसे. माझी घरमालकीण सगळ्यांना सांगायची, "बाई दवाखान्यात शिवण शिकवतात." मी दुरुस्त करणं सोडून दिलं होतं. सोप्या शब्दांत सांगते. माणूस दिवसभर हातांनी जी कामं करतो, म्हणजे जेवणं, बटण लावणं, वेणी घालणं, लिहिणं, त्यातलं एखादं ज्याला जमत नाही, त्याला ते का जमत नाही हे शोधायचं आणि जमवून द्यायचं. एवढंच आमचं काम.

मी मूळची नाशिककडची. नागपुरात माझं कुणी नव्हतं. धंतोलीत एक खोली, एक स्टोव्ह, एक रेडिओ. रविवारी दिवसभरात दूधवाल्याशी चार शब्द व्हायचे, तेवढेच. दवाखान्यात आमच्या खात्यात मी एकटी बाई. त्यात वरून हुकूम आला की दर गुरुवारी या शाळेत जाऊन मुली तपासायच्या. शाळेने मला नकाशे, लेझीम आणि मोडकी बाकं ठेवायची खोली दिली. मी स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं की बोलणं बंद व्हायचं. त्यांना वाटायचं, ही इन्स्पेक्शनवाली. मग मी डबा त्या नकाशांच्या खोलीतच खायचे. चहा आणून देणारी चपराशीण पार्वताबाई तेवढी दारात बसायची, माझं काम बघत. तिचं बसणं मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

सुजाताला मी पहिल्यांदा वर्गात पाहिलं. शाळेतल्या तपासणीची सुरुवात तिथूनच होते. आपण मागे बसायचं आणि मूल काय करतं ते नुसतं बघायचं. बाईंनी फळ्यावर पाच ओळी लिहिल्या. सुजाता शेवटच्या बाकावर एकटी. पेन्सिल मुठीत धरलेली, जीभ बाहेर, डोकं वहीवर टेकलेलं. बाईंनी फळा पुसला तेव्हा तिचे दोन शब्द झाले होते, आणि तेही एकमेकांवर चढलेले. कवायतीला सगळ्या उजवीकडे वळल्या, ही सगळ्यांचं बघून मग वळली. फ्रॉकला बटणांच्या जागी सेफ्टी पिना. पण पाढे विचारायला सुरुवात झाली तेव्हा मी तिच्या ओठांकडे बघितलं. हात वर नाही, पण प्रत्येक उत्तर ओठांवर, आणि बरोबर. हे मी वहीत टिपून ठेवलं होतं. टिपलं आणि विसरले.

मोठ्या बाईंनी, म्हणजे हेडमिस्ट्रेसनी, मला बोलावलं.

"बघितली? आता मला एक कागद द्या, मॅडम. पोरगी मंद आहे की आळशी आहे?"

"तिसरंही काही असू शकतं, बाई."

"असेल तर ते लिहा. पण लवकर लिहा. एका वर्गात साठ पोरी आहेत माझ्या. एप्रिलमध्ये मला ठरवायचं आहे, ठेवायची की टी.सी. द्यायची."

बाई दुष्ट नव्हत्या. साठ पोरी, एक मास्तरीण, एक फळा. त्यांच्या जागी मी असते तर वेगळं काय केलं असतं, देव जाणे.

नियमाप्रमाणे दुसरी पायरी आईवडिलांशी बोलायची. निवांत, तासभर. सुजाताची आई फाटकाशी उभीच होती, पदर दोन्ही हातांनी धरून. शाळेच्या आत पालकांना बसवायची पद्धत नव्हती. आणि समोरून माझी बस येत होती. ती चुकली की पुढची तासाभराने.

"बाई, तुमी पोरीले काय काय इचारता जी?"

"घाबरू नका हो. सगळं सोपं असतं. ठोकळे, मणी, बटणं."

"मंग जमलं तं ठेवतीन ना जी तिले शाळेत?"

"हो हो, बघू या," असं म्हणून मी बसमध्ये चढले. झालं माझं पालकांशी बोलणं!

मध्ये तीन गुरुवार गेले. होळी, दवाखान्यातलं एक इन्स्पेक्शन आणि माझा ताप. तापात मी चार दिवस खोलीत पडून होते. घरमालकीण दारातून विचारायची, "जिवंत आहात ना?" मी म्हणायचे, "आहे." तेवढाच संवाद.

चौथ्या गुरुवारी सुजाता माझ्या टेबलाशी आली. तिसरी पायरी. आमच्या पेटीत दहा रंगीत ठोकळे असायचे, मण्यांची माळ, बटणांची पट्टी आणि बघून काढायच्या आकृत्यांची कार्डं. त्यांपैकी एक ठोकळा मी यायच्या आधीच हरवलेला. स्टोअरला तीनदा अर्ज केला, तीनदा "उपलब्ध नाही" असा शेरा. शेवटी मी माचिसच्या डबीत माती भरली, वर खाकी कागद चिकटवला आणि तोच दहावा ठोकळा म्हणून वापरायला लागले.

तर पोरीने न सांगता पूल बांधला. मग जिना. मग मण्यांची माळ सरसर ओवली, लाल-पिवळा, लाल-पिवळा. बटणं लावली. चौकोन, त्रिकोण, शंकरपाळ्याचा आकार, सगळं बिनचूक. मी चाटच पडले. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. त्या शाळेत माझ्या येण्याने कुणाचं चांगलं व्हावं असं मला फार वाटत होतं. मी तिथल्या तिथे कागदावर लिहिलं, "हाताच्या कामात विशेष अडचण आढळली नाही." सही केली आणि नाचत मोठ्या बाईंकडे गेले.

त्यांनी कागद वाचला. "म्हणजे हात ठीक?"

"एकदम ठीक."

"मग डोक्यात आहे."

"तसं नाही, बाई, मी असं कुठे म्हटलं?"

"तुम्ही हात बघता ना? हाताचं लिहून दिलंत. हात ठीक असून पोरगी लिहीत नाही, तर दुसरं काय समजायचं?" आणि तो कागद त्यांनी फाइलला लावला.

हात खराब आहेत असं मी लिहिलं असतं तर पोरगी शाळेत राहिली असती. हात चांगले म्हणून लिहिलं, आणि पोरगी शाळेबाहेर जायच्या वाटेला लागली.

जाताना मी तिच्या वर्गाच्या खिडकीशी थांबले. सुजाता बाकावर बसली होती. पेन्सिल मुठीत, जीभ बाहेर, डोकं वहीवर. फळा पुसला गेला. दोन शब्द. अर्ध्या तासापूर्वी मणी ओवणारे तेच हात! मला काही कळेना. बसमध्ये सारखं तेच डोक्यात. खोलीवर येऊन भात टाकला, तो करपला, आणि करपल्याच्या वासाने मला आठवलं की पूल कर असं मी म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन पार्वताबाईकडून सुजाताचा पत्ता घेतला. पत्ता देताना ती माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघत होती. रविवारी सकाळी मी इंदोरा वस्तीत पोचले. दोन खोल्यांचं कौलारू घर, भिंतीवर दोन तसबिरी, त्यांना ताजी फुलं, खाली शाळेची पुस्तकं नीट रचलेली. सुजाताचे वडील खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये सुतार. त्या दिवशी त्यांची सुटी होती. मला बघून दोघं उभेच राहिले. आणि सुजाता चटईवर बसली होती, पुढ्यात ठोकळे घेऊन.

माझेच ठोकळे! म्हणजे माझे नव्हेत, त्यांच्यापेक्षा चांगले. कोपरे घासलेले, रंग चकचकीत, मशीनला देतात तो. बाजूला मणी, बटणांची पट्टी, खडूने काढलेल्या आकृत्या. मी ठोकळे मोजले. नऊ. दहाव्याच्या जागी माचिसची डबी, वर खाकी कागद.

मी तिच्याशेजारी चटईवर बसले.

"ही माचिस कशाला?" मी विचारलं.

वडील म्हणाले, "मी कापला असता जी दहावाबी. लाकूड होतं. पण पार्वताबाई म्हणे, बाईच्या पेटीत माचिसच हाय. म्हटलं, ऐनवेळी पोरगी गडबडून जाईन. जसं तिथं, तसंच इथं पायजे."

"आणि रोज?"

"रोज संध्याकाळी," आई म्हणाली. "शंभर-शंभर डाव पूल करवला तिच्याकडून. झोप आली तं डोळ्याले पाणी लावलं. परीक्षा होती ना जी. आमच्या घरातून शाळेत गेलेली पयली पोरगी हाय हे. तिले कशी काढू द्याव?"

मी सुजाताची बोटं हातात घेतली. तर्जनीचं टोक मणी ओवायच्या सुईने टोचून टोचून कडक झालं होतं.

यांना मी काय सांगणार होते? आमच्या शास्त्रात याला नाव आहे, स्प्लिंटर स्किल. तुटक कौशल्य. काही मुलांच्या शरीराला नव्या कामाची आखणी करता येत नाही. कुठला हात आधी, किती जोर, किती वळवायचा, हे तुमच्या-माझ्या शरीराला आपसूक कळतं, यांच्या नाही. एकच काम शंभरदा घोटून घेतलं तर तेवढं येतं. पण तेवढंच. शेजारचं दुसरं काम आलं की पुन्हा शून्यापासून. मी हे शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. समोर आलं तेव्हा ओळखता आलं नाही.

मी पिशवीतून वर्तमानपत्राचं पान काढलं. "सुजाता, माझ्यासारखी घडी घाल बघू." दोनदा दुमडायचं, कोपरा आत घ्यायचा. तिने कागद उचलला, फिरवला, पुन्हा फिरवला. कोपरा सापडेना. कपाळावर घाम आला. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "बाई, हे घरी नव्हतं."

आईने तोंडाला पदर लावला.

"बरं, राहू दे," मी म्हटलं. "मला सांग, त्या दिवशी आपण काय काय केलं?"

आणि पोरगी बोलायला लागली. आधी पूल, मग जिना, मग लाल-पिवळा मणी, बारा मणी, मग पाच बटणं, मग चौकोन. एकही पायरी चुकली नाही. आणि शेवटी, "मंग तुमी शाब्बास म्हणता. मंग घड्याळ पाहता." मी घड्याळ बघते हे मलाच माहीत नव्हतं. डोकं? असं डोकं त्या साठ पोरींत दुसरं नसेल.

"म्हणजे आमीच खराब केलं काय जी?" आईने विचारलं.

"नाही. मी केलं," मी म्हणाले. "ही परीक्षा नव्हतीच. पास-नापास काही नसतं यात. पोरीला जे येत नाही तेच मला बघायचं होतं. ते मी तुम्हाला सांगितलं नाही, बस पकडली."

वडील ठोकळे एकेक करून डब्यात भरत राहिले. आईने चहा ठेवला. किती महिन्यांनी मी कुणाच्या घरी बसून चहा पीत होते, आणि तोही अशा कारणाने.

सोमवारी मी आमच्या सरांपुढे उभी राहिले. "सर, रिपोर्ट बदलायचा आहे."

"एकाच पोरीचे दोन रिपोर्ट? डिपार्टमेंटचं काय राहील?"

"पहिला चुकीचा आहे, सर."

"सहीच्या आधी नाही दिसलं?"

"नाही, सर."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लिहा. पण तुमच्या सहीवर. माझी मागू नका."

मी तीन पानं लिहिली. दोन संध्याकाळी सुजाताच्या घरी जाऊन नव्या कामांनी पुन्हा तपासणी केली, त्याचं सगळं तपशीलवार. बुद्धी उत्तम, हाताच्या आखणीत अडचण. पुढच्या बाकावर बसवा, फळ्यावरचं उतरवायला वेळ द्या, परीक्षा तोंडी घ्या. आणि शेवटी, आधीचा निष्कर्ष माझ्या चुकीमुळे, तो रद्द समजावा. असं वाक्य मी आयुष्यात एकदाच लिहिलं.

गुरुवारी मोठ्या बाईंनी तिन्ही पानं शांतपणे वाचली. मग फाइलमधला पहिला कागद काढून शेजारी ठेवला.

"महिन्यापूर्वी म्हणालात, काहीतरी तिसरं असेल. मागच्या गुरुवारी म्हणालात, हात ठीक. आज म्हणता, हात बिघडलेले आणि डोकं ठीक. पुढच्या गुरुवारी काय म्हणाल?"

"बाई, चूक माझी आहे. पोरीची नाही."

"कबूल. पण मी वर काय दाखवू? दोन्हींवर सही तुमचीच."

"तोंडी परीक्षा घेऊन बघा ना एकदा. आत्ता. माझ्यासमोर."

"एकीची तोंडी घेतली की उद्या दहा पालक दारात उभे राहतील. माझ्याकडे माणसं कुठे आहेत?" आवाज चढलेला नव्हता. थकलेला होता. "मॅडम, तुम्ही आठवड्यातून एकदा येता. मला रोज इथे बसायचं असतं."

मी बोलत राहिले, त्या ऐकत राहिल्या, घंटा झाली. एप्रिलमध्ये सुजाताला टी.सी. मिळाली. त्यात चालचलणूक चांगली असं लिहिलं होतं, आणि प्रगतीपुढे असमाधानकारक.

पुढच्या वर्षी शाळेने दवाखान्याला कळवलं की गुरुवारच्या तपासणीची आता गरज नाही. सरांनी ते पत्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी गुरुवारी पुन्हा वॉर्डात जायला लागले. पार्वताबाईच्या चहाची वेळ झाली की हातातलं काम थांबायचं, उगीच.

मग पावसाळ्यात एक दिवस सुजाताचे वडील माझ्या खात्याच्या दारात उभे. छत्री बाहेर ठेवून, चपला काढून. दवाखान्यात कुणी चपला काढत नाही, मी म्हटलं, या ना आत, तर तसेच अनवाणी आले. त्यांनी खापरखेड्याला कॉलनीत क्वार्टर घेतलं होतं. टी.सी.च्या वेळी मी त्यांना माझ्या तीन पानांची नक्कल दिली होती, ती तिथल्या शाळेत दाखवली. तिथल्या गुरुजींनी ती आधी स्वतः वाचली, मग सुजाताला पुढे बसवून पाढे विचारले, आणि दाखल करून घेतलं.

"लिहिते अजून तसंच," ते म्हणाले. "पण गुरुजी तोंडी इचारून राहिले जी. म्हणते, मले शाळेत जायचं हाय."

मी नुसतीच हसत राहिले, डोळे पुसत राहिले. त्यांनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. आत ठोकळे. मी मोजले. दहा. दहावा नवा होता, त्याच्या रंगाला अजून वास येत होता.

"तिले आता नाई लागत," ते म्हणाले. "तुमच्यापाशी एक कमी होता ना जी."

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. सुजाताचं पुढे काय झालं मला माहीत नाही. शोधायला जायचं धाडस झालं नाही. कधीतरी रेडिओ लावून बसले की वाटतं, आता तिचीच पोरं शाळेत जात असतील.

नोकरीची उरलेली सगळी वर्षं मी तेच दहा ठोकळे वापरले. निवृत्तीच्या दिवशी सरकारी पेटी परत केली, नऊ ठोकळे आणि माचिसची डबी. स्टोअरकीपरने डबी हलवून बघितली, म्हणाला, "मॅडम, हे काय?" मी म्हटलं, "अर्ज केले होते मी." माझा डबा मी घरी आणला. घरात खेळायला मूल नाही, तो कपाटात आहे.

एवढं मात्र केलं. त्यानंतर जे जे आईवडील माझ्यासमोर आले, त्यांना मी आधी बसवलं, घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि पेटी उघडण्याआधी सांगितलं, "ही परीक्षा नाही. मी वर्गात बसून बघेन, तुमच्याशी बोलेन, मग मुलाला काही कामं देईन. एका दिवसात होणार नाही. घरी काही शिकवून आणू नका. त्याला जे येत नाही, ते मला दिसू द्या." बोलायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. त्या दिवशीची बस तेवढा वेळ थांबली असती.